सतरा नंबर, नव्याण्णव

एकोणनव्वद आणि नव्याण्णव यांत फरक किती? गणितात दहा. पण इंटरकॉमवर, मागे चाळीस सीपीयूंचे पंखे घोंघावत असताना आणि ऐकणारी व्यक्ती मी असताना, हा फरक जवळजवळ शून्य होतो. एरवी ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. पण या दहाच्या फरकात चार जणांच्या प्रोजेक्टचे दीड दिवस गेले, आणि एका माणसाच्या नावावर नसलेली चूक लागली. म्हणून लिहितेय.

आधी माझी बाजू. मी केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये. मराठी घरात बोलले, शाळेत तिसरी भाषा म्हणून शिकले, आणि आकडे मात्र आयुष्यभर इंग्रजीत मोजले. वीसपर्यंत ठीक. तीसपर्यंत बोटांच्या मदतीने. पुढे 'एकोण' नावाचं प्रकरण सुरू झालं की माझा प्रोसेसर हँग होतो. भाजीवाल्या मावशी "एकोणसत्तर झाले" म्हणाल्या की मी शंभराची नोट देऊन मोकळी होते, उरलेले त्या देतील तेवढे खरे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आणलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला, तेव्हा आमच्या घरात त्या बदलाच्या बाजूने एकच मत पडलं होतं. माझं.

बरं, नियम पाळायचा तर नीट पाळावा ना! एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास... एकोणनव्वदपर्यंत गाडी रुळावर. मग ९९ ला एकोणशंभर का नाही? तिथे अचानक नव्याण्णव. त्यात आमची आजी ८९ ला एकोणनव्वद म्हणतच नाही, नव्याऐंशी म्हणते. म्हणजे माझ्या डोक्यात 'नव्या'ने सुरू होणारा आकडा म्हणजे ८९, हे लहानपणापासून कोरलेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता लॅब. आमच्या डिपार्टमेंटच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये लिनक्सच्या ४० मशीन आहेत. बीईचे प्रोजेक्ट ग्रुप त्यांवरच ट्रेनिंग चालवतात, डेटासेट ठेवतात आणि सिनेमेही ठेवतात (नाही म्हणू नका, मी यादी पाहिली आहे). डिस्क भरते. म्हणून दर शनिवारी लॅबचे मामा रजिस्टर घेऊन मशीन नंबर एकपासून चाळीसपर्यंत जायचे, प्रत्येक स्क्रीन चालू करून 'डीएफ' ही कमांड द्यायचे, आणि टक्केवारी रजिस्टरमध्ये लिहायचे. मामांनी एमएस-सीआयटी केलेलं आहे. बाकी लिनक्स त्यांना कुणी शिकवलं नाही, पण डीएफच्या उत्तरातली कुठली ओळ बघायची आणि कुठली सोडायची हे त्यांना पक्कं ठाऊक. गंमत म्हणजे ही कमांड मामांच्याही पिढीतली. डीएफ आणि तिची बहीण डीयू, दोघी १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. पहिली सांगते डिस्कवर जागा किती उरली, दुसरी सांगते कुठल्या फोल्डरने किती खाल्ली.

चाळीस मशीनना दीड तास लागायचा. मग मामा इंटरकॉमवरून एकेक आकडा वाचायचे आणि दुसऱ्या मजल्यावर सरांच्या केबिनमध्ये बसून मी तो एक्सेलमध्ये भरायचे. रजिस्टर लॅबच्या कपाटाबाहेर काढायचं नाही असा नियम आहे, का ते विचारू नका. एक्सेलमध्ये ९० च्या वर काही गेलं की तो चौकोन लाल व्हायचा, आणि लाल मशीनवाल्या ग्रुपला "जागा करा" असा निरोप जायचा. हे काम मी का घेतलं? सरांनी वर्गात विचारलं तेव्हा मी पहिल्या बाकावर होते, दुसरं कारण नाही.

मार्चचा शेवटचा शनिवार. सोमवारी बीईचा फायनल रिव्ह्यू, बाहेरचे परीक्षक येणार. मामा वाचताहेत, मी भरतेय. "सोळा नंबर, बासष्ट." भरलं. "सतरा नंबर, नव्याण्णव." माझ्या बोटांनी टाइप केलं, ८९. चौकोन पांढरा राहिला. त्याआधीच्या शनिवारी सतराचा आकडा ८४ होता, त्यामुळे ८९ बघून शंका यायचंही कारण नव्हतं. "अठरा नंबर, पंचेचाळीस." पुढे.

दुपारी एका सिनियरचा फोन आला. हा तोच दादा, ज्याने मला सेकंड इयरला पायथन शिकवलं, कट्ट्यावर बसून, वडापावच्या कागदावर. त्याच्या ग्रुपचं मॉडेल सतरावर चालू होतं आणि सोमवार सकाळपर्यंत चालायचं होतं. तो म्हणाला, "मी घरी चाललोय. सतराचं आज किती आलं गं?" मी शीट बघितली आणि म्हटलं, "एटी नाइन. बिनधास्त जा."

८९ टक्के म्हणजे पन्नासएक जीबी शिल्लक. त्यांचा प्रोग्रॅम दर फेरीनंतर मॉडेलची नवी फाइल लिहीत होता, एकेक फाइल चारशे एमबीची. पन्नास जीबीत आरामात मावलं असतं. प्रत्यक्षात उरले होते पाचेक जीबी. शनिवारी रात्री अकराच्या आसपास 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', एरर नंबर २८, आणि प्रोग्रॅम गप्प. पुढचे दीड दिवस ते मशीन रिकामं बसून राहिलं. शेवटची फाइल अर्धवट लिहिलेली, उघडेना. त्याच्या आधीची उघडली, पण मॉडेल अजून कच्चं. सोमवारी परीक्षकांसमोर जे दाखवलं ते बघवत नव्हतं असं त्या ग्रुपमधल्या एका ताईने मला कॅन्टीनमध्ये सांगितलं. मी तिला माझा चहा दिला. दुसरं काय देणार होते?

तो स्वतः एक कमांड देऊन बघू शकला असता, हे मी त्या आठवड्यात मनातल्या मनात पन्नास वेळा म्हटलं. (पन्नास मला मराठीत येतं.)

मंगळवारी सरांनी विचारलं, "शीटमध्ये ८९ कसं?" मी म्हटलं, "सर, मामांनी सांगितलं ते भरलं." यात खोटं काय होतं? एकही शब्द खोटा नव्हता. सर म्हणाले, "मामांचं वय झालंय आता, डोळ्यांचाही त्रास आहे." मग मला म्हणाले, "तू पायथन करतेस ना? एक स्क्रिप्ट लिही. माणूसच मधून काढून टाकू." मी "हो सर" म्हणून बाहेर आले. त्याच दिवशी जर्नल आणायला लॅबमध्ये गेले होते, मामा जागेवर नव्हते, रजिस्टर टेबलावर उघडं. सतरासमोर मामांच्या टपोऱ्या अक्षरात ९९ लिहिलेलं होतं. मी पान मिटलं आणि वर आले.

स्क्रिप्टची पहिली आवृत्ती चौदा ओळींची होती. लांबच्या मशीनशी बोलायला एसएसएच. हे १९९५ मध्ये फिनलंडमध्ये ततू युलेनन यांनी लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. पायथनमधून एसएसएच वापरायला पॅरामिको नावाची लायब्ररी मिळते. हे नाव एस्परांतो भाषेतल्या दोन शब्दांतून बनलंय, संशयी आणि मित्र. मला हे नाव फार आवडलं, पण लॅबमध्ये ती टाकायला परवानगीचा अर्ज करावा लागला असता, म्हणून मी साधी एसएसएच कमांडच पायथनमधून चालवली. प्रत्येक मशीनवर जायचं, तिथल्या पायथनला डिस्कचे आकडे विचारायचे, परत यायचं. पायथन ३.३ पासून शटिल नावाच्या मॉड्यूलमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे. ते तीन आकडे देतं : एकूण, वापरलेली आणि शिल्लक. वापरलेली भागिले एकूण, गुणिले शंभर. चौथीचं गणित.

एकामागून एक चाळीस मशीनना दोन मिनिटं लागली. मग थ्रेड वापरले, म्हणजे सगळ्या मशीनना एकदमच विचारायचं, आणि सहा सेकंदांत रिपोर्ट हातात! दीड तासाचं काम सहा सेकंदांत. मी स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आजीने अंगठा पाठवला.

सरांनी महिनाभर दोन्ही चालू ठेवायचं ठरवलं. शनिवारी मामांचं रजिस्टर आणि माझी स्क्रिप्ट, दोन्हीचे आकडे शेजारी शेजारी. जुळले की रजिस्टर बंद.

पहिल्याच शनिवारी एकही आकडा जुळला नाही. चाळीसपैकी एकही नाही! प्रत्येक ठिकाणी मामांचा आकडा माझ्यापेक्षा मोठा. आठ नंबर, माझे ६०, मामांचे ६४. सतरा नंबर, माझे ९०, मामांचे ९५. सर म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि मला (खरं तेच लिहिते) क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मामा खरंच चुकीचं वाचत असतील, तर मार्चमध्येही कदाचित... पण रजिस्टरचं ते पान मी स्वतः पाहिलं होतं.

त्या रात्री हॉस्टेलवर सतराचे तिन्ही आकडे घेऊन बसले. सोयीसाठी डिस्क ५०० जीबीची धरा. वापरलेली ४५०. मग शिल्लक ५० यायला हवी. फंक्शन सांगत होतं २५. बेरीज केली, ४७५. उरलेले २५ जीबी गेले कुठे? आधी वाटलं फंक्शनमध्ये बग आहे. (थर्ड इयरमध्ये प्रत्येकाला एकदा तरी वाटतं की पायथनमध्ये बग आहे आणि तो आपल्यालाच सापडलाय.) बग नव्हता. लिनक्समध्ये एक्स्ट घराण्याची फाइल सिस्टिम बनवताना पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मालकासाठी, राखून ठेवली जाते. कुणी मुद्दाम बदललं नाही तर पाच टक्के. हेतू असा की सगळ्यांनी मिळून डिस्क भरून टाकली तरी सिस्टिमची स्वतःची कामं चालू राहावीत आणि आत येऊन साफसफाई करायला मालकाला श्वास घेण्यापुरती जागा असावी. थोडक्यात, पाहुणे कितीही आले तरी आईने स्वयंपाकघरात झाकून ठेवलेली भाजी. आपल्याला ती दिसत नाही, आणि मिळत तर नाहीच.

डीएफ ती राखीव जागा हिशेबातच धरत नाही. ती वापरलेल्याला, वापरलेले अधिक आपल्याला खरंच मिळू शकणारे, याने भागते. ४५० भागिले ४७५, म्हणजे ९४.७, आणि अपूर्णांक आला की वरच्या आकड्याला नेते. ९५. मामांचा आकडा. माझी स्क्रिप्ट ४५० ला ५०० ने भागून ९० म्हणत होती.

मग मी एक हिशेब केला, जो करायला नको होता असं करताना वाटत होतं. मार्चच्या त्या शनिवारी मामांच्या जागी माझी स्क्रिप्ट असती तर? डीएफचे ९९ म्हणजे साधारण ४७० जीबी भरलेले. ४७० भागिले ५०० म्हणजे ९४. आणि स्क्रिप्टमध्ये लाल रेषा मी ९५ वर ठेवली होती, कारण ९० वर ठेवली की रिव्ह्यूच्या दिवसांत अर्धी लॅब लाल होते. म्हणजे माझी स्क्रिप्टही पांढरा चौकोनच देणार होती. त्याहून वाईट म्हणजे विद्यार्थ्यांची जागा पूर्ण संपली, एक बाइटसुद्धा उरला नाही, तरी माझ्या हिशेबाने ते ९५ च होतात. मी धोक्याची घंटा अशा ठिकाणी टांगली होती जिथे ती वाजेपर्यंत एरर २८ येऊन गेलेला असेल.

ती ओळ बदलली. फंक्शन सोडून सरळ डीएफलाच विचारायला लागले, 'पी' हा पर्याय लावून, म्हणजे उत्तर ठरलेल्या साच्यात येतं आणि एका डिस्कची माहिती एकाच ओळीत राहते, तोडायला सोपी.

दुसऱ्या शनिवारी आकडे जुळले. मी कागद घेऊन खाली लॅबमध्ये गेले. मामांनी चष्मा वर केला, कागदावरून बोट फिरवत खाली गेले, आणि म्हणाले, "ताई, यात एकोणचाळीसच आहेत."

मी उभी राहिले. एकोणचाळीस. चाळीसाला एक कमी. घाई नाही करायची. थर्टी नाइन. "थर्टी नाइन मामा? म्हणजे तीन-नऊ?"

"हां. एकतीस नंबर कुठंय?"

एकतीस नंबर मशीनने स्क्रिप्टला उत्तरच दिलं नव्हतं. आणि मी कोडमध्ये काय लिहिलं होतं? एरर आला तर सोडून दे, पुढे जा. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या वाचकांनी स्वतःच्या कोडमध्ये जाऊन बघावं, ही ओळ तुमच्याकडेही असेल. रिपोर्टमध्ये लाल चौकोन दिसतो. नसलेली ओळ दिसत नाही. एकोणचाळीस मशीन ठीक आहेत असं वाचून सरांनी "गुड" म्हटलं होतं, मी "थँक यू" म्हटलं होतं, आणि दोघांनीही मोजलं नव्हतं. मामांनी मोजलं, कारण ते चाळीस ठिकाणी चालत जातात, आणि एकतिसाव्या ठिकाणी गेल्यावर काय झालं हे त्यांना आठवतं. "त्याचा पंखा परवापासून ओरडत होता. आज बंदच आहे. मी कागदावर लिहिलंय." रजिस्टरमध्ये ३१ समोर टक्केवारीच्या जागी लिहिलं होतं, 'बंद. पंखा.'

मग स्क्रिप्टमध्ये उत्तर न देणाऱ्या मशीनसाठी वेगळी ओळ आली, आणि ती सगळ्यात वर. शिवाय प्रत्येक मशीनसाठी वेळेची मर्यादा. काही मशीन बंद नसतात, अडकलेल्या असतात. नेटवर्कवरची एखादी डिस्क जोडलेली असेल आणि तिचा सर्व्हर झोपला असेल, तर डीएफ बिचारी त्याची वाट बघत बसते आणि आपण डीएफची. त्यासाठी फक्त त्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कबद्दल विचारायचा पर्याय आहे, तोही लावला.

रिमोट मशीन म्हणजे काय, यावर मी त्या दिवसांत बरंच वाचलं. माझ्यासाठी रिमोट म्हणजे दोन जिने. २००४ च्या जानेवारीत नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या लोकांसाठी ते मंगळ होतं. स्पिरिट रोव्हर मंगळावरच्या गुसेव विवरात उतरला आणि अडीच आठवड्यांनी, २१ जानेवारीला, धड बोलेनासा झाला. अधूनमधून एखादा बीप. नंतर कळलं की तो सारखा बंद पडून पुन्हा चालू होत होता, साठाहून जास्त वेळा, आणि त्या नादात रात्री झोपतही नव्हता, बॅटरी उतरत चालली होती. कारण? त्याच्या २५६ एमबीच्या फ्लॅश मेमरीत फाइल्स फार झाल्या होत्या. जागा संपली नव्हती, फाइल्सची संख्या वाढली होती, त्यातल्या कित्येक तर प्रवासातल्या, मंगळावर पोचण्याआधीच्या. चालू होताना त्या सगळ्यांची यादी रॅममध्ये मांडायला जावं, तिथे ती मावू नये, आणि पुन्हा बंद पडावं. शेवटी पृथ्वीवरून त्याला सांगितलं गेलं की फ्लॅशकडे बघूच नकोस, तिच्याशिवाय चालू हो. मग जास्तीच्या फाइल्स काढल्या, फ्लॅश फॉरमॅट केली, आणि पठ्ठ्या पुढे २०१० पर्यंत बोलत राहिला. संदेश जायला दहा मिनिटांच्या आसपास, उत्तर यायला तेवढीच. तिथे रजिस्टर घेऊन कुणी मामा चालत जाऊ शकत नव्हते.

हे वाचल्यावर मी रिपोर्टमध्ये आणखी एक रकाना घातला, फाइल्सच्या संख्येचा. लिनक्समध्येही असं होतं. डिस्कवर जागा असते, पण नव्या फाइलची नोंद ठेवायला खण उरत नाही, आणि तरी एरर तोच, 'नो स्पेस'. आमच्या लॅबमध्ये अजून झालेलं नाही. पण नसलेल्या ओळींची मला भीती बसली आहे.

तिसऱ्या शनिवारी मामा म्हणाले, "तुमचा कागद फक्त आजचं सांगतो. मला मागचं पान उलटता येतं." हे मात्र मला झोंबलं, कारण खरं होतं. म्हणून मी लॅबमध्ये बसून रजिस्टरची मागची सगळी पानं कॉम्प्युटरमध्ये भरली. मामा बघत होते म्हणून इंग्रजी आकड्यांत न बदलता, जसे होते तसे देवनागरीत. म्हटलं, नंतर बदलून घेऊ. आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातला एकमेव निखळ आनंद झाला. पायथनला ते बदलावे लागतच नाहीत! देवनागरीतला ८९ त्याच्या पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला दिला की तो निमूटपणे ८९ समजतो. नेदरलँड्सच्या माणसाने लिहिलेल्या, इंग्लंडच्या विनोदी कार्यक्रमाचं नाव लावणाऱ्या भाषेला मराठी आकडे माझ्यापेक्षा चांगले येतात. मामांना दाखवलं. ते म्हणाले, "मग त्याच्याकडूनच लिहून घ्या की आमचे आकडे." म्हणून आता छापील रिपोर्ट देवनागरी आकड्यांत निघतो.

मागची पानं भरताना सतराचा रकाना आला. ५४, ६१, ७३, ८४. मग ९९. सलग पाच आकडे एकाखाली एक बघितल्यावर ते मशीन कुठे चाललंय हे आजीलाही कळलं असतं. ९९ टाइप करताना मामा शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. मीही नाही.

महिना संपला. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सरांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. आकडे चारही बाजूंनी जुळत होते. सर म्हणाले, "चला, रजिस्टर बंद. मार्चसारखं पुन्हा व्हायला नको. मामा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, वयोमानाने होतं." मामा मान हलवून हसले. त्यांचं ते हसणं बघून माझ्या पोटात काहीतरी झालं, आणि जे गेले चार आठवडे रोज उद्यावर ढकलत होते ते तोंडातून निघालं. "सर, मामांनी नव्याण्णवच सांगितलं होतं. मी ८९ भरलं. मला कळलं नाही. रजिस्टरमध्ये ९९ आहे." हे सगळं मराठीत बोलले आणि 'नव्याण्णव' बरोबर उच्चारलं, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या ग्रुपला सांगितलंस?"

संध्याकाळी दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हे तू आज सांगतेस?" मी "सॉरी" म्हटलं. तो म्हणाला, "रिव्ह्यूत मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की लॅबवाल्यांनी चुकीचं रीडिंग दिलं. मामा तिथेच उभे होते." मग त्याने फोन ठेवला. नंतर मी दोन मेसेज केले, त्यांना उत्तर आलेलं नाही. त्यांच्या ग्रुपला मार्क मिळाले, पास झाले, पण जे मॉडेल ते दाखवणार होते ते कुणी पाहिलं नाही. आता तो नोकरीला लागलाय, दुसऱ्या शहरात.

सरांच्या केबिनमधून बाहेर पडल्यावर मामांशी बोलायचं राहिलं होतं. ते जिन्यावरून खाली चालले होते, रजिस्टर काखेत. मी मागून गेले. "मामा, सॉरी. तुमच्यावर आलं सगळं."

ते म्हणाले, "मला त्याच मंगळवारी कळलं होतं, ताई. पान मी उघडं ठेवून गेलो होतो, आल्यावर मिटलेलं होतं."

मला काही सुचेना. ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "आणि त्यानंतर मी तुम्हाला आकडे कसे वाचतो, लक्षात आलं नाही का?"

तेव्हा आठवलं. एप्रिलचे चारही शनिवार. इंटरकॉमवर मामांचा आवाज, मागे पंखे. सोळा नंबर, सहा-पाच. सतरा नंबर, नऊ-पाच. अठरा नंबर, चार-आठ. मला वाटलं होतं, लाइनवर खरखर आहे म्हणून तसं वाचतात.